सोंड्या भुंग्यासाठी बादलीचा सापळा: लावायचा कसा, आणि भुंगा त्यात येतोच का

माडाचा शेंडा एक दिवस अचानक कलतो आणि मग सगळे धावतात, पण तोवर आत काही उरलेलं नसतं. खोडाला कान लावला तर कुरतडल्याचा आवाज येतो, भोकातून तांबूस चिकट रस गळत असतो आणि चावून टाकलेल्या काथ्यासारखा चोथा बाहेर आलेला असतो. हे काम सोंड्याचं, म्हणजे लाल सोंडेवाल्या भुंग्याचं, रेड पाम विव्हिल म्हणतात तो. त्याच्यावर कामगंध सापळा लावा असं सगळेच सांगतात, दुकानात ल्युअर, म्हणजे भुंग्याला बोलावणाऱ्या वासाची पुडी पण मिळते, पण लावणाऱ्यांपैकी कितीतरी जण दोन महिन्यांनी बादली गोठ्यात नेऊन ठेवतात आणि म्हणतात, काय उपयोग नाय झाला. मीही पहिल्या वर्षी हेच म्हणालो होतो. मग पावसाळ्यात घरी बसून हा प्राणी वास घेतो तरी कसा आणि ही अक्कल त्याच्यात आली कुठून हे वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की सापळ्यात मी जे जे चुकवलं होतं त्या सगळ्याचं कारण तिथेच होतं. म्हणून सापळा कसा लावायचा आणि भुंग्याचं नाक कसं घडलं हे दोन्ही एकत्रच लिहितोय, वेगळं करून सांगताच येत नाही मला.

आधी एक मेलेला सोंड्या हातात घेऊन बघा, खरंच. लांब सोंड दिसते तिथे लोक म्हणतात हे नाक. ते नाक नाही, ते तोंड आहे, टोकाला जबडे असतात आणि मादी त्यानेच भोक पाडून अंडी घालते. नाक म्हणजे सोंडेच्या बुडाशी दोन बाजूंना कोपरात वाकल्यासारख्या ज्या मिशा आहेत ना त्या. टोकाला गाठीसारखा फुगीर भाग असतो, त्यावर भिंगातून पाहिलं तर बारीक केसांची लव दिसते. या केसांना अतिसूक्ष्म छिद्रं असतात, वासाचा कण छिद्रातून आत शिरतो, आतल्या पातळ द्रवात काही प्रथिनं त्याला उचलून पुढे नेतात आणि तो मज्जापेशीवरच्या रिसेप्टरवर, म्हणजे वास पकडणाऱ्या प्रथिनावर जाऊन बसतो. काम झालं की त्या कणाची विल्हेवाट लावणारी एन्झाइम्स पण तिथेच हजर असतात, कारण जुना वास साचून राहिला तर नवा कळणार कसा. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, बादली कुठे टांगायची ते ठरवताना लागणार आहे.

आता हा रिसेप्टर. आपल्या नाकात वास आला की निरोप पेशीच्या आत दोन-तीन हातांतून फिरतो आणि मग पुढे जातो. कीटकांनी हे प्रकरण सरळ ठेवलंय, त्यांचा वासाचा रिसेप्टर हाच दरवाजा, कण बसला की दार उघडतं आणि विद्युतभारित कण आत घुसतात, संदेश गेला. दारं बनतात दोन प्रकारच्या प्रथिनांची, एक जे प्रत्येक वासासाठी वेगळं, आणि दुसरं सगळीकडे तेच, त्याला ऑर्को म्हणतात. ऑर्को म्हणजे दाराची चौकट समजा आणि दुसरं म्हणजे कुलूप. चौकट काढली की सगळीच दारं गेली. हे बोलण्यापुरतं नाही, पिठात होतो तो तांबडा किडा, ट्रायबोलियम, त्याच्यात ऑर्कोचा जनुक बंद पाडून पाहिला होता तर त्या किड्याला आपल्याच जातभाईंनी सोडलेला बोलावण्याचा वास कळेना झाला. नंतर २०१६ मध्ये सोंड्यावरही हाच प्रयोग झाला आणि तिथेही तेच, फेरोमोन, म्हणजे जातभाईंचा तो बोलावण्याचा वास, समोर असून भुंगा ढिम्म.

ही दारं आली कुठून? याचं उत्तर मला फार आवडतं. चव ओळखणारे रिसेप्टर प्राण्यांमध्ये कीटकांच्याही कितीतरी आधीपासून आहेत, कीटकांचे वासाचे रिसेप्टर त्याच कुळातून फुटलेत. पाण्यातून जमिनीवर आलं की परिस्थितीच बदलते, खाणं जिभेला लागेपर्यंत थांबायचं कशाला, हवेतूनच त्याची बातमी येते. कागदांत सापडणारी चंदेरी कसर माहीत असेल, तिच्याहूनही जुन्या फांदीवर दगडांखाली राहणारे, पंख नसलेले, उड्या मारणारे ब्रिसलटेल नावाचे कीटक आहेत. त्यांच्याकडे वासाचे रिसेप्टर आहेत पण ऑर्को नाही, म्हणजे आधी कुलूपच चौकटीचंही काम करायचं, चौकट वेगळी नंतर आली. त्यातल्या एका रिसेप्टरची रचना २०२१ मध्ये उलगडली, चार सारखे तुकडे मिळून एक दार, आणि त्यात अडकलेला जो वासाचा कण प्रत्यक्ष पाहिला तो होता युजेनॉल, आपल्या लवंगेचा वास! एकच दार कितीतरी वेगवेगळ्या कणांना उघडतं असंही त्यात दिसलं, ढोबळ काम.

ढोबळ दारापासून नेमक्या दारापर्यंतचा रस्ता म्हणजे नकलेतल्या चुका. जनुकाची चुकून एक जादा प्रत निघते, मूळ प्रत तिचं काम करत राहते त्यामुळे जादा प्रतीवर काही जबाबदारी नसते, ती पिढ्यान्‌पिढ्या थोडी थोडी बदलत जाते. बहुतेक वेळा बिघडून निकामी होते. कधीतरी मात्र ती एखाद्या नव्या कणाला उघडायला लागते आणि तो कण त्या किड्याच्या जगण्यात उपयोगाचा निघाला तर ती टिकते. भुंग्यांचं कुळ जवळपास ३० कोटी वर्षं जुनं धरतात, तेवढ्या काळात हे किती वेळा झालं असेल. म्हणूनच भुंग्याभुंग्यात रिसेप्टरांची संख्या कमालीची वेगळी, पिठातल्या तांबड्या किड्याकडे अडीचशेच्या वर आहेत, आणि एकट्या अ‍ॅश झाडांच्या कुळावर जगणाऱ्या एमराल्ड अ‍ॅश बोररकडे पन्नासच्याही आत. ज्याला एकच ताट ओळखायचंय त्याला शंभर भाज्यांचे वास पाठ करून काय करायचंय. (पिठातला किडा कुठलंही पीठ सोडत नाही हे घरातल्या बायकांना विचारा, त्यासाठी जनुकांची यादी लागत नाही.)

चला बादलीकडे. साधारण १० लिटरची झाकणवाली प्लास्टिकची बादली घ्या, काळी किंवा गडद रंगाची चांगली, पांढरी असेल तर तीही चालते पण मला काळीत जास्त आले. काठाच्या खाली दोन-तीन बोटांवर चार बाजूंना चार आडवी भोकं पाडा, साधारण ५ सेंटिमीटर रुंद आणि दीड-दोन उंच, म्हणजे भुंगा आरामात शिरेल. लोखंडी पट्टी तापवून पाडली की कडा साफ येतात. बाहेरून गोणपाट गुंडाळून सुतळीने घट्ट बांधा, हे विसरू नका, कारण सोंड्या उडत उडत थेट भोकात शिरत नाही, तो बादलीवर किंवा जवळपास उतरतो आणि शेवटचं अंतर चालत जातो, गुळगुळीत प्लास्टिकवर त्याचे पाय घसरतात आणि तो जातो निघून. पहिल्या वर्षी माझी बादली नुसतीच होती, गोणपाट हे आपलं शोभेचं काहीतरी असेल असं वाटलेलं मला. आतली बाजू मात्र गुळगुळीतच राहू दे, आत पडलेला वर चढता कामा नये.

झाकणाला आतून मधोमध तारेने ल्युअर टांगायचं. ल्युअरमध्ये जो पदार्थ असतो त्याचं नाव फेरुजिनिऑल, रासायनिक भाषेत ४-मिथाइल-५-नोनॅनॉल, नऊ कार्बनची साखळी आणि तिला एक फाटा. सोंड्याचा नर तो सोडतो हे १९९३ मध्ये कळलं. सोबत थोडंसं फेरुजिनिओन पण असतं. आता आपण याला कामगंध म्हणतो, पण शब्दाने फसायला होतं, कारण पतंगांसारखं मादीने सोडायचं आणि नराने यायचं असं इथे नाहीच. इथे नर हाक मारतो आणि नर-मादी दोन्ही येतात, अर्थ साधारण असा की इथे खायला आहे, या सगळे. त्याला जमावाचा वास म्हणायला हवं. आपल्याला फायदा असा की सापळ्यात माद्या येतात, बऱ्याचदा नरांपेक्षा जास्तच, आणि एक मादी गेली म्हणजे शेकडो अंडी गेली.

फेरुजिनिऑल ओळखणारं नेमकं कुलूप पण सापडलंय. रियाधच्या किंग सौद विद्यापीठातल्या संशोधकांनी सोंड्याचा तो एक रिसेप्टर वेगळा काढून फळमाशीच्या मिशीत बसवून दाखवला, आणि तो फेरुजिनिऑल-फेरुजिनिओनलाच उघडतो असं २०२१ मध्ये मांडलं. सौदीला यात एवढा रस का, तर हा आपल्या भागातला किडा, १९८० च्या दशकात तो आखातात पोचला आणि खजुराच्या बागांच्या मुळावर उठला. आमच्याकडची कितीतरी पोरं आखातात आहेत, त्यांना मी गंमतीने म्हणतो की तुमच्या आधी हा गेला.

याच्या चुलतभावांकडे बघितलं की उत्क्रांती डोळ्यांसमोर दिसते. अमेरिकेतला ताडावरचा सोंड्या सोडतो ते ६-मिथाइल-२-हेप्टेन-४-ऑल, आफ्रिकेतला सोडतो ३-मिथाइल-४-ऑक्टॅनॉल, फ्लोरिडाकडचा ५-मिथाइल-४-ऑक्टॅनॉल. सगळी एकाच घराण्यातली दारू, म्हणजे अल्कोहोलं, कार्बन एखाददुसरा कमीजास्त, फाटा एक घर इकडे नाहीतर तिकडे. हाक बदलली तसं कुलूप बदललं, किंवा उलट, दोन्ही एकमेकांना धरून सरकत गेले असणार कारण एकट्यानेच बदलून कोणी ऐकलंच नाही तर त्या हाकेला अर्थ काय. दुसऱ्या भुंग्यांत तर याहून कमाल आहे, जपानी बीटल आणि ओसाका बीटल ही दोन भुंग्यांची जात एकच कण वापरते पण एकीचा कण दुसरीच्या कणाचं आरशातलं प्रतिबिंब, डावा-उजवा हात असतो तसा. आणि चुकीचा हात समोर आला तर नुसतं दुर्लक्ष नाही, भुंगा यायचाच थांबतो. म्हणून दुकानदाराने हे नाही, ते दुसऱ्या भुंग्याचं ल्युअर आहे, तेच लावा, सगळं सारखंच असतं असं सांगितलं तर घेऊ नका. सारखं नसतं. गेंड्याचं, म्हणजे माडावरच्या दुसऱ्या भुंग्याचं ल्युअर सोंड्याला चालत नाही, सोंड्याचं गेंड्याला नाही.

ल्युअरची पुडी फोडायची नाही, भोक पाडायचं नाही. माझ्या एका मित्राने वास जास्त यावा म्हणून सुईने टोचली, आठवड्यात रिकामी. ती पुडी मुद्दाम हळूहळू झिरपेल अशी बनवलेली असते, रोज काही मिलिग्रॅम फक्त, आणि भुंग्याला तेवढं भरपूर होतं. साधारण तीन-चार महिने चालते पण एप्रिल-मेच्या उकाड्यात लवकर संपते, तेव्हा पाकिटावरची मुदत आणि उन्हाळा दोन्ही बघा.

आता सगळ्यात जास्त लोक चुकतात ते ठिकाण, म्हणजे बादलीतलं खाणं. नुसतं ल्युअर लावून पाणी ठेवलं तर भुंगे येतात पण तुरळक. नुसता ऊस ठेवला तरी तुरळक. दोन्ही एकत्र ठेवले की मग येतात, आणि दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त येतात. का, तर भुंग्याच्या बाजूने विचार करा. खऱ्या जगात नर कधी हवेत लटकून हाक मारत नाही, तो जखमी माडावर बसलेला असतो, त्या जखमेतून गळणारा रस आंबत असतो, त्या आंबण्याचा वास आणि नराचा वास नेहमी जोडीनेच आलेत. जो भुंगा नुसत्या हाकेवर धावला त्याला खाणं मिळालं नसेल, जो नुसत्या आंबट वासावर धावला तो कुठल्या सडक्या केळीत जाऊन पडला असेल. दोन्ही कळले की निघायचं, अशांची पिल्लं वाचली. मेंदूत ही जोडी पक्की बसलीय आणि तिलाच आपण फसवतोय, तर जोडी पुरी द्यायला नको?

तर उसाची चार-पाच कांडी उभी चिरून टाका, ऊस नसेल तर माडाच्या कोवळ्या देठाचे तुकडे, वर चिमूटभर यीस्ट, आणि दीड-दोन लिटर पाणी. पाण्यात साबणाचा अगदी थोडा चुरा, भुंगा बुडावा एवढ्यापुरताच, आणि सुगंधी साबण नको, उगाच तिसराच वास कशाला. दर आठ-दहा दिवसांनी ऊस आणि पाणी बदलायचं. हे कष्टाचं काम आहे आणि इथेच सगळे ढिले पडतात. पहिल्या काही दिवसांचा आंबूस वास आणि महिनाभर कुजलेल्या चोथ्याचा वास हे तुमच्या-माझ्या नाकाला दोन्ही घाणच, पण भुंग्याच्या मिशीला ते दोन वेगळे पत्ते आहेत. आणि पाणी आटलेली बादली तर सापळा राहतच नाही, खाणावळ होते, आले, खाल्लं, गेले.

बादली टांगायची कुठे. माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली, मी ती नव्या लावलेल्या सहा-सात वर्षांच्या माडांच्या बरोबर मध्ये टांगली, म्हटलं जिथे धोका तिथे पहारा. पहारा कसला, आमंत्रण होतं ते. आसपासचे सोंडे मीच बोलावून आणले आणि त्यातले सगळेच काही बादलीपर्यंत चालत गेले नाहीत, वाटेत कोवळा माड दिसला तिथे काही थांबले. ल्युअर बादलीत ओढतं हे खरं, पण आधी ते परिसरात ओढतं. म्हणून वाडीच्या कडेला, कोवळ्या माडांपासून लांब, आंबा-फणस नाहीतर साध्या खांबाला बांधा. जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर, सावलीत, म्हणजे ल्युअर टिकतं आणि पाणीही लवकर आटत नाही. हेक्टरी एक बादली पुरते, जास्त लावून जास्त येतील असं नाही.

आणि वारा बघा. वास हवेत धुरासारखा पसरत नाही, म्हणजे पसरतो पण उदबत्तीच्या धुरासारखा, तुटक धाग्यांत. भुंग्याच्या मिशीला एक धागा लागतो, मग कोरी हवा, मग परत धागा, आणि हे झटझट कळावं म्हणूनच ती साफसफाईची एन्झाइम्स. धागा लागला की वाऱ्याच्या उलट सरकायचं, तुटला की इकडेतिकडे शोधायचं. म्हणून बादली भिंतीला चिकटून किंवा दाट बेटात टांगली की धागे तिथेच विरतात. थोडी मोकळी जागा हवी, तुमच्याकडे संध्याकाळी ज्या बाजूने वारा येतो ती बाजू धरली तर वास वाडीतून बाहेर जाण्याऐवजी वाडीत फिरतो, आणि हे तुम्हाला नको आहे! उलट बाजू धरा, म्हणजे बाहेरून येणारे बाहेरच अडतील.

सापळ्याने सगळं होतं असं अजिबात समजू नका, माडाला जखम असेपर्यंत खरा वास सुटतच राहणार आणि खऱ्या वासापुढे आपली बादली कुठे टिकणार. पाडेल्याला सांगून ठेवा की हिरवी झावळी कापताना खोडाला लागून कापायची नाही, निदान हातभर, खरं तर चार फूट देठ ठेवायचं. मादीने त्या कापावर अंडी घातली तरी अळी खोडापर्यंत पोचायच्या आत देठ वाळतं. खोडावर पायऱ्या पाडायची सवय तर सोडाच.

आणि गेंड्या. गेंड्या भुंगा शेंड्यात शिरून कोवळी सुई कुरतडतो, पान उघडलं की कात्रीने पंखा कापल्यासारखं दिसतं, त्याच जखमेच्या वासावर मागून सोंड्या येतो. म्हणजे एकाने दार फोडायचं आणि दुसऱ्याने घर लुटायचं. गेंड्यासाठी ल्युअर वेगळं, इथाइल ४-मिथाइलऑक्टॅनोएट, हेही नरच सोडतो. यातली गंमत अशी की याच्याशी सख्खं नातं असलेलं ४-मिथाइलऑक्टॅनॉइक अ‍ॅसिड हे मेंढी-बोकडाच्या मटणाला जो उग्र वास येतो त्यातलं एक, आणि गेंड्याच्याच एका भावाचं ते फेरोमोन पण आहे. गेंड्याचा सापळाही वेगळा, कारण तो रात्री उडतो आणि चालत बसत नाही, सरळ येऊन आपटतो. म्हणून बादलीवर दोन पत्रे फुलीसारखे उभे करतात, मध्ये ल्युअर, आपटला की खाली. आणि खाण्याऐवजी त्याच्या पैदाशीची जागा बघा, शेणखताचा खड्डा, कुजलेलं माडाचं खोड. खड्डा उपसून अळ्या काढा, अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी मिळाली तर शेणखतात मिसळा. लहान माडांच्या वरच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यात तीन-चार डांबरगोळ्या आणि वर वाळू, दर दीड महिन्याने, हा जुना उपाय पण वासाचाच आहे, फक्त बोलावण्याच्या ऐवजी हाकलण्याचा.

दर आठवड्याला बादली रिकामी करताना भुंगे मोजून वहीत लिहा. नर-मादी ओळखायची असेल तर सोंड बघा, नराच्या सोंडेवर वरच्या बाजूला आखूड केसांचा झुपका असतो, मादीची सोंड गुळगुळीत. माझ्या वहीत पाऊस ओसरल्यावर आकडा चढतो, तुमच्याकडे वेगळं असेल. मेलेत असं वाटून त्यांना उकिरड्यावर फेकू नका, बुडालेला सोंड्या उन्हात तासाभराने चालायला लागलेला मी पाहिलाय, ठेचा किंवा खोल पुरा. संपलेल्या ल्युअरच्या पुड्या पण वाडीत टाकायच्या नाहीत, आपल्याला रिकाम्या वाटतात पण त्यांत थोडं उरलेलं असतं. जादा ल्युअर हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा काय आहे ते, आमच्याकडे आईने खोबऱ्याच्या वड्यांच्या शेजारी तो डबा बघून जे ऐकवलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही.